बातमीची शहानिशा: मथळ्यापासून मूळ कागदापर्यंत

अमुक पदार्थाने कर्करोग होतो, अमुक आघाडीला इतक्या जागा मिळणार, बेरोजगारी निम्म्यावर आली, परग्रहावर जीवसृष्टी सापडली, अशी एखादी तरी बातमी दर आठवड्याला येते आणि घरात, कचेरीत, व्हॉट्सॲपच्या गटांत तिच्यावर वाद झडतात. या वादांत बहुतेक जण बातमी आपल्या मताच्या बाजूची असेल तर ती लगेच स्वीकारतात आणि विरुद्ध असेल तर ‘सगळी माध्यमे विकली गेली आहेत’ असे म्हणून ती झटकून टाकतात. दोन्ही वेळा बातमी मात्र तपासली गेलेली नसते. शंका घेण्याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा ती पुढे काहीतरी शोधायला लावते.

येथे दिलेली पद्धत एका साध्या अनुभवावर उभी आहे. बहुतेक महत्त्वाच्या बातम्यांमागे एक मूळ कागद असतो. तो अहवाल असेल, शोधनिबंध असेल, शासन निर्णय असेल किंवा आकडेवारीचा तक्ता असेल. मथळा करताना जे गळून पडते, ते त्या कागदात बहुधा स्पष्टपणे लिहिलेले असते. म्हणून वाचकाचे काम म्हणजे त्या कागदापर्यंत जाणे आणि गळालेले वाक्य शोधून काढणे.

दावा एका वाक्यात लिहून काढा

बातमीतील विशेषणे, प्रश्नचिन्हे आणि ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ यांसारखे शब्द बाजूला काढा आणि नेमका काय दावा केला आहे, ते स्वतःच्या शब्दांत एका पूर्ण वाक्यात लिहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतर दोन हजार रुपयांच्या नव्या नोटेत ‘नॅनो चिप’ असल्याची बातमी काही वृत्तवाहिन्यांनीही दाखवली होती. तोच दावा साध्या भाषेत लिहिला, तर तो असा होतो: कागदी नोटेत बसवलेली एक चिप, कोणत्याही विजेच्या पुरवठ्याविना, जमिनीखाली पुरलेली असतानाही आपला ठावठिकाणा उपग्रहाला कळवते. एवढे लिहिले, की कोणता प्रश्न विचारायचा हे आपोआप कळते. रिझर्व्ह बँकेने या नोटेची वैशिष्ट्ये सांगणारे पत्रक ८ नोव्हेंबरलाच प्रसिद्ध केले होते आणि त्यात चिपचा उल्लेखही नव्हता. ते वाचायला पाच मिनिटेही लागली नसती.

दावा एका वाक्यात मांडताच येत नसेल, तर ती बातमी नसून सूचक मजकूर आहे असे समजावे आणि तिच्यावर आणखी वेळ घालवू नये.

मूळ कागद शोधा

बातमीत संस्थेचे नाव, तारीख आणि कागदाचे नाव या तीन गोष्टी आहेत का ते पाहा. ‘एका संशोधनानुसार’ एवढेच लिहिलेले असेल आणि संशोधन कोणाचे, कोठे प्रसिद्ध झाले याचा पत्ता नसेल, तर तो बातमीदाराचा दोष आहे आणि तो दोष बातमीच्या खात्यावर मांडायला हरकत नाही. नाव असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जावे. केंद्राच्या आकडेवारीसाठी सांख्यिकी मंत्रालय, मतदानाच्या आकड्यांसाठी निवडणूक आयोग, महागाई आणि कर्जाच्या धोरणासाठी रिझर्व्ह बँक, आरोग्याच्या इशाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना, या सर्वांचे अहवाल कोणालाही मोफत पाहता येतात.

महाराष्ट्रातील वाचकाला याचे सर्वांत सोपे प्रशिक्षण शासन निर्णयांवर घेता येते. शिक्षकांच्या बदल्या, महागाई भत्ता, एखादी नवी योजना, सुट्ट्या यांविषयीचे ‘जीआर’ गटागटांतून फिरत असतात आणि त्यांतले काही बनावट किंवा जुने असतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटच्या भागात एक ठरावीक वाक्य असते: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे, आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. हा लांबलचक संकेतांक संकेतस्थळावरील शोधाच्या चौकटीत टाकला, की मूळ प्रत समोर येते. फिरत आलेली प्रत आणि मूळ प्रत शेजारी ठेवून विभागाचे नाव, दिनांक आणि मुख्य परिच्छेद ताडून पाहावेत. बनावट प्रतीत बहुधा दिनांक बदललेला असतो, किंवा संकेतांक टाकल्यावर काहीच सापडत नाही. फिरणाऱ्या प्रतीत केवळ पहिले पान असेल तर विशेष सावध राहावे, कारण अटी आणि अपवाद पुढच्या पानांवर असतात.

शोधनिबंध सबंध वाचण्याची गरज नसते. सारांश, पाहणी कोणावर केली हे सांगणारा भाग आणि शेवटी लेखकांनीच नोंदवलेल्या मर्यादा एवढे वाचले तरी पुष्कळ कळते. तो निबंध अन्य तज्ज्ञांनी तपासून छापला आहे की तपासणीपूर्वीच इंटरनेटवर ठेवला आहे, हेही पाहून घ्यावे. उंदरांवरचा प्रयोग असूनही मथळा माणसांविषयी असेल, तर शोध तेथेच थांबवता येतो.

त्या शब्दाचा त्या शास्त्रातला अर्थ पाहा

जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याविषयीची बातमी जगभर गाजली. साखरविरहित शीतपेयांत आणि अनेक ‘शुगर फ्री’ पदार्थांत ते असते, त्यामुळे मधुमेही घरांत या बातमीने बरीच काळजी निर्माण केली. अधिकृत घोषणा १४ जुलैला झाली. पण बातमी त्याच्या सुमारे पंधरवडाभर आधीच फुटली होती. मधल्या काळात मूळ कागद कोणाच्याच हाती नव्हता आणि मथळे मात्र रोज येत होते.

त्या दिवशी प्रत्यक्षात दोन कागद प्रसिद्ध झाले. पहिला होता फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा. या संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२ब’ या गटात, म्हणजे कदाचित कर्करोगकारक असू शकणाऱ्या गोष्टींच्या गटात ठेवले. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात; धोका किती मोठा आहे हे ते सांगत नाहीत. ‘२ब’ म्हणजे पुरावा मर्यादित आहे. पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या, लोणच्यासारख्या भाज्या याच गटात आहेत. उलट पहिल्या गटात, जेथे पुरावा पुरेसा मानला जातो, तेथे तंबाखू, मद्य आणि सुपारी आहे. सुपारीचा समावेश त्या गटात २००४ मध्येच झाला आणि ती तंबाखूशिवाय खाल्ली तरी तिला हे वर्गीकरण लागू होते. महाराष्ट्रात सुपारी आणि तंबाखू खाणाऱ्यांची संख्या पाहता, साखरविरहित पेयाच्या निम्म्याने जरी जागा या वस्तुस्थितीला वर्तमानपत्रांत मिळाली असती, तरी त्याचे मोल कितीतरी अधिक ठरले असते असे माझे ठाम मत आहे.

दुसरा कागद जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या, अन्नातील मिश्रकांविषयीच्या संयुक्त तज्ज्ञ समितीचा होता आणि बहुतेक मथळ्यांतून गळाला तो हाच. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही आधीची मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही, असे या समितीने सांगितले. आता आकडेमोड करू. सत्तर किलो वजनाच्या माणसाची मर्यादा २,८०० मिलिग्रॅम होते. शीतपेयाच्या एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असेल, तर ती ओलांडायला रोज ९ ते १४ डब्यांहून जास्त पेय प्यावे लागेल, आणि तेही अन्य कोठून ॲस्पार्टेम पोटात जात नसेल तर. दोन्ही कागद एकत्र वाचल्यावर जो अर्थ निघतो तो असा: अधिक संशोधन व्हायला हवे, आणि दिवसाला एखादा डबा पिणाऱ्याने घाबरण्याचे कारण आज तरी दिसत नाही. हे वाक्य मथळा म्हणून निस्तेज असले तरी खरे आहे.

ही पायरी कायद्याच्या बातम्यांनाही लागू पडते. न्यायालयाने ‘ताशेरे ओढले’ म्हणजे आदेश दिला असे नव्हे, ‘नोटीस बजावली’ म्हणजे दोषी धरले असे नव्हे, आणि ‘स्थगिती’ म्हणजे ‘रद्द’ नव्हे.

टक्का दिसला, की ‘कशाचा?’ असे विचारा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेच २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाविषयी सांगितले होते, की दररोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हा टक्का मूळ धोक्याचा आहे. समजा, एखाद्या समाजात १०० पैकी ५ जणांना आयुष्यात हा रोग होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळजवळ ६ होणे. शंभरात एक माणूस ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण ‘१८ टक्के लोकांना कर्करोग होणार’ असा जो अर्थ पसरतो, त्याच्याशी तिचा संबंध नाही. मूळ आकडा न देता केवळ वाढीचा टक्का देणारी बातमी अपुरी समजावी.

राजकीय बातम्यांत हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांतील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्के झाला. सत्ताधाऱ्यांचे समर्थक हा आकडा मिरवतात, तर विरोधक तो खोटा असल्याचे सांगतात. आकडा खोटा नाही. तो काय मोजतो हे पाहायला हवे. या पाहणीत घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला मदत करणारी व्यक्तीही कामावर असलेली धरली जाते. चालू साप्ताहिक स्थितीच्या हिशेबात तर आठवड्यात एका दिवशी किमान एक तास काम केलेले असले तरी पुरते. त्याच पाहणीत आणखी एक तक्ता आहे. काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारातल्या लोकांचे प्रमाण याच काळात ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि त्यात हे विनामोबदला राबणारेही आहेत. म्हणजे बेरोजगार कमी झाले आणि पगारी नसलेले काम वाढले, ही दोन्ही विधाने एकाच सरकारी कागदातून निघतात. पहिले सांगून दुसरे लपवणारा आणि दुसरे सांगून पहिले नाकारणारा, दोघेही वाचकाची दिशाभूल करतात.

‘महागाई घटली’ हा मथळाही असाच वाचावा. महागाईचा दर ६ वरून ४ टक्क्यांवर आला, तर भाव वाढतच असतात, फक्त त्यांचा वेग कमी झालेला असतो. भाजीवाल्याकडे स्वस्ताई न दिसणारी गृहिणी आणि दर घटल्याचे सांगणारे सरकार यांच्यात येथे विसंगती नाही.

मोजलेले कोणते आणि अंदाजलेले कोणते, हे वेगळे करा

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार सर्व टप्प्यांचे मतदान संपल्यावर अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करता येत नाहीत. त्यामुळे १ जून २०२४ च्या संध्याकाळी त्या सगळ्या एकदमच आल्या आणि बहुतेकींनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या. काहींचा वरचा पल्ला ४०० पर्यंत गेला. ४ जूनला आघाडीला २९३ आणि भाजपला स्वबळावर २४० जागा मिळाल्या. बहुमताचा आकडा २७२ आहे.

अशी चाचणी वाचताना सर्वप्रथम मतांची टक्केवारी पाहावी आणि जागांचा आकडा नंतर. चाचणी करणारे लोकांना मत कोणाला दिले हे विचारतात. जागा ते गणिताने काढतात. चिठ्ठ्या टाकून हजार माणसे निवडली, तर मतांच्या टक्केवारीत तीन टक्के इकडे किंवा तिकडे एवढी चूक नमुन्यामुळेच संभवते. त्यावर खरे न सांगणाऱ्यांची आणि मुळीच उत्तर न देणाऱ्यांची चूक वेगळी. एवढ्याशा फरकाने जागा किती हलतात, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच दिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला मिळाली. पण दोन्ही आघाड्यांच्या मतांतले अंतर एक टक्काही नव्हते. उत्तर-पश्चिम मुंबईचा निकाल तर ४८ मतांनी लागला. मतांची टक्केवारी, नमुन्याचा आकार आणि मुलाखती कोठे व कधी घेतल्या, या गोष्टी न देणाऱ्या चाचणीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, मग तिचा निष्कर्ष आपल्याला आवडणारा का असेना.

मोजलेल्या आकड्यांवरही शंका घेता येते आणि ती योग्य कागदापर्यंत न्यावी. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेच्या मतदानाचा सायंकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. त्यावरून मोठा वाद पेटला. पाचचा आकडा तात्पुरता असतो, मतदान सहापर्यंत चालते आणि तेव्हा रांगेत असलेल्यांना मत देता येते, हे एक स्पष्टीकरण आहे. ते पुरेसे आहे का, हे वाहिनीवरच्या चर्चेतून ठरणार नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब ‘नमुना १७-क’ मध्ये भरतो आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देतो. मोजलेली मते केंद्रवार ‘नमुना २०’ मध्ये येतात. ज्याला आरोप करायचा आहे त्याने आपल्या प्रतिनिधींकडील प्रती काढून केंद्रवार तफावत दाखवावी, आणि ज्याला आरोप फेटाळायचा आहे त्याने सर्व १७-क लोकांसमोर ठेवावेत. आयोगाने ते स्वतःहून प्रसिद्ध करावेत असे मला वाटते, कारण निवडणुकीवरचा विश्वास ही मागितल्यावर द्यायची गोष्ट नव्हे.

बातमी कोण सांगतो आहे

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी वर्तमानपत्रांत शब्दशः एकच मजकूर बातमी म्हणून छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीस आणले आणि ‘पेड न्यूज’ या, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापण्याच्या प्रकाराची देशभर चर्चा झाली. तेव्हापासून एक साधी चाचणी हाताशी आहे: बातमीतील एखादे वैशिष्ट्यपूर्ण वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घालून शोधावे. तेच वाक्य चार ठिकाणी, चार बातमीदारांच्या नावावर आढळले आणि कोणत्याही वृत्तसंस्थेचा उल्लेख नसला, तर तो मजकूर कोणीतरी पुरवलेला आहे. पानाच्या कोपऱ्यातील ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ हे बारीक टायपातले शब्दही शोधावेत.

तथ्यपडताळणी करणाऱ्यांनाही हाच नियम लावावा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कामकाजाविषयीची कोणती माहिती खोटी हे ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच पथकाला देऊ केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. सरकारचे पथक एखादी गोष्ट ‘फेक’ म्हणते तेव्हा ती बहुधा खोटी असतेही; परंतु केवळ शिक्का मारला आहे की कागद दाखवला आहे, हे पाहिल्यावाचून ते मान्य करू नये. खासगी पडताळणी संस्थांचेही असेच.

तारीख घालून नोंद ठेवा

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील संशोधकांनी ‘एलके-९९’ नावाच्या पदार्थावरचा निबंध तपासणीपूर्वीच इंटरनेटवर ठेवला. सामान्य तापमानाला अतिवाहक ठरणारा, म्हणजे विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ सापडल्याचा तो दावा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ तयार करून पाहिला आणि अतिवाहकता आढळली नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला: रोधातली घसरण त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे दिसत होती. पहिली बातमी वाचलेल्यांपैकी अनेकांपर्यंत दुसरी पोहोचलीच नाही.

म्हणून वहीत किंवा फोनमध्ये चार गोष्टी लिहाव्यात: दावा, दिनांक, मूळ कागद आणि पुन्हा कधी पाहायचे. एप्रिल २०२५ मध्ये १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा मिळाल्याची बातमी आली, ती अशा नोंदीसाठी चांगली आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या पत्रकातच लिहिले होते, की हा संकेत ‘तीन सिग्मा’ पातळीचा आहे (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी), शोध म्हणून मान्यता मिळायला पाच सिग्मा लागतात आणि त्यासाठी ‘जेम्स वेब’ या अवकाश दुर्बिणीचा आणखी १६ ते २४ तासांचा वेळ उपयोगी पडेल. ज्या रसायनाचा हा संकेत मानला गेला, ते डायमिथाइल सल्फाइड पृथ्वीवर मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीव तयार करतात, मात्र ते एका धूमकेतूवरही आढळले आहे, जेथे जीवसृष्टी नाही. पुढच्या काही महिन्यांत इतर गटांनी तीच निरीक्षणे नव्याने तपासली आणि पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. वर्षातून दोनदा अशी जुनी नोंद उघडून पुढे काय झाले ते शोधावे.

गटात उत्तर देताना

ज्येष्ठांनी पाठवलेल्या संदेशाला ‘हे खोटे आहे’ असे सर्वांसमोर म्हटले, की मुद्दा बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो. त्यांना स्वतंत्रपणे लिहावे: ‘काका, तुम्ही पाठवलेल्या जीआरचा संकेतांक संकेतस्थळावर टाकून पाहिला, तो सापडला नाही. तुमच्याकडे पूर्ण प्रत असेल तर पाठवा, पुन्हा पाहतो.’ कागद सापडला असेल तर त्याच्या संबंधित पानाचे छायाचित्र जोडावे आणि कोणते वाक्य पाहायचे ते सांगावे. ते पटल्यावर दुरुस्ती शक्यतो काकांनाच गटात टाकू द्यावी.